सातवी नक्कल

१

रविवार उजाडला की हिरालाल भरवेलीहून सायकल काढायचा आणि बालाघाटची वाट धरायचा. सहा दिवस मँगनीजच्या खाणीवर हजेरी लिहायची आणि सातव्या दिवशी डोमाजी मास्तरांकडे तेलरंगात माणसाचा चेहरा काढायला शिकायचं, हा त्याचा सहासष्ट सालच्या उन्हाळ्यापासूनचा नेम. खाणीवरचे दोस्त खूप हसले. हजेरीबाबू आता कलाकार होणार, मग आमच्या नावापुढं बरोबरची खूण नको, आमचं तोंडच काढत जा, असं म्हणाले. हिरालाल हसण्यावारी न्यायचा, कारण खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. म्हणजे होतं, पण हजेरीच्या खिडकीत बसून कोणी रडत नाही.

कारण असं होतं की त्याच्या बापाचा एकही फोटो नव्हता. महागू नऊ वर्षांपूर्वी तापानं गेला, तेव्हा हिरालाल पंधरा वर्षांचा होता. तिरोडीच्या बाजारात एकदा फोटोवाला बसला होता, तेव्हा मायनं किती आग्रह केला, पण बुवा ऐकेल तर शपथ. "जित्ता मानूस समोर बसला हाये, त्याले पाह्यना. कागदाले काय पाह्यतं?" असं म्हणून त्यानं त्या पैशाची जिलेबी आणली. जिलेबी संपली आणि काही वर्षांनी माणूसही संपला.

पितृपक्षात, म्हणजे इकडं ज्याला पित्तर म्हणतात त्या दिवसांत, घरोघरी पाटावर गेलेल्या माणसाचा फोटो मांडतात. हिरालालची माय गोदाबाई पाटावर सुपारी मांडायची. मागच्या वर्षी नैवेद्य दाखवता दाखवता ती थांबली आणि म्हणाली, "सुपारीले मी काय सांगू रे हिरा? सुपारी आयकत नाई." तेवढं एक वाक्य हिरालालच्या काळजाला लागलं. बाबांचा चेहरा आपल्या डोक्यात जसाच्या तसा आहे, फक्त तो कागदावर उतरवणारा हात नाही, तर हात शिकून घेऊ, असं त्यानं ठरवलं. हिशेब अगदी साधा आणि सरळ होता.

डोमाजी मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. गावात भिंतीवर हार घातलेला कुठलाही म्हातारा बघा, तो बहुतेक त्यांच्याच हातचा. त्यांची शिकवायची रीत मात्र जगावेगळी होती. त्यांनी तरुणपणी काढलेलं एका म्हाताऱ्याचं चित्र मागच्या खोलीत टांगलेलं असायचं, त्यावर कायम चादर. शिकणाऱ्यानं त्याची दहा वेळा नक्कल करायची. पण चित्र पूर्ण बघायचं नाही. आपल्या कापडावर कोळशानं एकशे आठ चौकोन आखायचे, आणि मधोमध चौकोनी खिडकी कापलेला एक पुठ्ठा, चादर तेवढ्यापुरती सारून, मूळ चित्रावर सरकवत न्यायचा. खिडकीतून दिसेल तेवढंच काढायचं, मग पुढचा चौकोन.

"चेहरा पाहू नको," मास्तर म्हणायचे. "चौकोन पाह्य. चेहरा पाह्यला का हात खोटं बोलते."

२

चार नकला झाल्या. पहिलीतला म्हातारा भुतासारखा आला, दुसरीत जरा माणसात आला, चौथीपर्यंत मास्तरांनी नुसतं हूं केलं, आणि मास्तरांचं हूं म्हणजे दुसऱ्याची शाबासकी. डोक्याला पांढरा फेटा, कानात बारीक बाळी, नाक दोरीसारखं सरळ, ओठ मिटलेले. असा कोणी भेटला तर हिरालालनं रस्त्यात ओळखला असता.

पाचव्या नकलेच्या वेळी मास्तर गिऱ्हाइकाकडं गेले होते. घरात कोणी नव्हतं, खोलीत जवसाच्या तेलाचा वास भरून राहिला होता, बाहेर कोणीतरी मिरच्या कांडत होतं. हिरालालनं हनुवटीपासून मिशीपर्यंतची रांग एका बैठकीत उरकली. हात असा चालत होता की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. रांग संपली, ब्रश पुसला, पुठ्ठा जागेवर ठेवावा म्हणून उठला, तर पुठ्ठा खिळ्यालाच अडकवलेला. त्यानं तो काढलाच नव्हता. मूळ चित्रावर चादर तशीच होती.

आता यात घाबरण्यासारखं काही नाही, असं त्यानं स्वतःला समजावलं. चार वेळा तेच काढल्यावर हाताला पाठ होणारच. माय नाही का डोळे मिटून भाकरी थापत? पण एक गोष्ट त्याच्या मनातून जाईना. मिशीच्या खालच्या चौकोनात त्यानं एक बारीक काळी रेघ काढली होती, वाकडी, नखाएवढी. आधीच्या चारही नकलांत ती नव्हती. त्यानं त्या चारही पुन्हा काढून बघितल्या.

मास्तर आल्यावर हिरालालनं त्यांना ती रेघ दाखवली. त्यांनी चादर एका बाजूनं उचलली आणि त्या जागेवर पुठ्ठा धरला. तिथं रंगात ब्रशचा एक केस चिकटून वाळलेला होता. वाकडा, नखाएवढा.

"पाह्यला असन तू कधी," मास्तर म्हणाले. "डोळा पाह्यते, मानसाले मालूम नाई राह्यत."

हे पटण्यासारखं होतं, म्हणून हिरालालनं पटवून घेतलं. निघताना त्यानं विचारलं की हा म्हातारा आहे तरी कोण. मास्तरांना आठवत नव्हतं. कोणीतरी बापाचं चित्र काढायला सांगून गेलं आणि न्यायला आलंच नाही, एवढंच ते म्हणाले.

३

श्रावण अर्धा सरला तेव्हा सातवी नक्कल पुरी झाली. अजून तीन बाकी होत्या आणि पित्तर महिन्यावर आले होते. दहा नकला पुऱ्या करीत बसलो तर यंदाही मायला सुपारीशीच बोलावं लागणार, हे हिरालालला दिसत होतं.

एका संध्याकाळी ड्युटीवरून आल्यावर त्यानं ओसरीत बसून कोळशानं बाबांचा चेहरा काढला. पाऊण तास लागला. उघडं डोकं, कपाळावर मागं सरकलेले केस, खांद्यावर दुपट्टा. नाक डावीकडं वाकलेलं, कारण तरणेपणी खैरलांजीच्या शेतात बैलानं शिंग मारलं होतं. उजव्या डोळ्याची पापणी जराशी खाली उतरलेली, त्यामुळं बाबा रागावले तरी अर्धे झोपेतच वाटायचे. हिरालालनं कागद मायपुढं धरला.

गोदाबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं, हात लुगड्याला पुसले आणि कागद घेतला. मग तिनं त्या वाकड्या नाकावरून बोट फिरवलं आणि बैलाची सगळी गोष्ट सांगितली, बैलाचं नाव लाल्या होतं इथपासून नाकाला हळद कोणी बांधली इथपर्यंत. सांगता सांगता हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हिरालालला वाटलं, झालं, आपण जिंकलो.

कागदावरचं कापडावर आणायचं तर नवं कापड हवं. मांजरपाट ताणायचा, सरस लावायचा, पांढरा हात द्यायचा, वाळवायचा, आणि या दमट हवेत त्यालाच तीन आठवडे जाणार. मास्तरांनी मागे एकदा बजावलं होतं, की रंगावर रंग चढवता येतो, चेहऱ्यावर चेहरा नाही. म्हातारी माणसं अशी बजावतच असतात. हिरालालनं मायला दाखवतो म्हणून सातवी नक्कल घरी आणली आणि त्या फेटेवाल्या म्हाताऱ्यावर पांढऱ्या रंगाचे दोन जाड हात मारले. शेवटी डोळे बुजले तेव्हा त्याला उगाच मोकळं वाटलं.

४

पांढरा हात वाळला असं वाटल्यावर एका रविवारी त्यानं मास्तरांकडं दांडी मारली आणि ओसरीतच चित्र मांडलं. दुपारपर्यंत बाबा आले. अगदी आले. वाकडं नाक, उतरलेली पापणी, ओठांच्या कोपऱ्यात ते न बोललेलं काहीतरी. शेजारची मैनाबाई ताक मागायला आली होती, ती दारातच थबकली आणि डोक्यावर पदर घेतला. मेलेल्या माणसाचा मान राखला तिनं. हिरालालची छाती दोन बोटं फुगली.

सोमवारी सकाळी ड्युटीवर निघताना त्यानं चित्राकडं बघितलं. नाक सरळ वाटलं.

ओला रंग दमट हवेत सरकतो. त्यानं ब्रश घेतला, नाक पुन्हा वाकवलं आणि कामावर गेला. मंगळवारी सकाळी नाक सरळ होतं, आणि पापणीही वर गेलेली. ती त्यानं उतरवली. बुधवारी कपाळावरच्या केसांतून पांढरं फुटू लागलं होतं, एक पट्टा, मग त्याच्यावर दुसरा, फेट्याच्या वेढ्यांसारखे. खालचा रंग वर येतोय, दुसरं काही नाही, पांढरा हात कच्चा राहिला. असं तो सायकल मारताना स्वतःशी मोठ्यानं बोलत होता. मग त्याच्या ध्यानात आलं, की खालचा रंग वर येतो तो डाग पडल्यासारखा येतो. हे तर कोणी हातानं काढल्यासारखं सफाईनं आलं होतं. आणि हात ओळखीचा होता. ते ब्रशचे फटकारे त्याचेच होते.

आपण झोपेत उठतो की काय? त्यानं मायला विचारलं. ती म्हणाली, तू तर मेल्यासारखा झोपतं.

गुरुवारी तो रंग खरवडायला बसला तेव्हा माय मागं येऊन उभी राहिली.

"काहून खरोडून राह्यला रे? चांगले तं दिसून राह्यले तुहे बाबा."

"माय, नाक पाह्य. बाबांचं नाक असं होतं का?"

"असंच होतं."

"अन् बैलानं मारलं होतं ते? लाल्यानं?"

गोदाबाईनं त्याच्याकडं बघितलं. चेष्टा नाही, लपवाछपवी नाही, ताप आलेल्या लेकराकडं आई बघते तसं बघितलं.

"कोनता बैल?" ती म्हणाली.

हिरालालनं पेटी उघडून कोळशाचा कागद काढला. घडीमुळं कोळसा पसरला होता. मधोमध करडा डाग होता, आणि त्यातून नाक डावीकडं जातं की सरळ खाली उतरतं ते सांगता येत नव्हतं. खिडकीपाशी नेऊन बघितला, तिरपा धरून बघितला. जितकं जास्त बघितलं तितकं कमी समजलं.

५

पुढच्या रविवारी त्यानं खैरलांजीची बस धरली. बाबांचे धाकटे भाऊ नथ्थूकाका तिथं शेती बघत होते. त्यांनी ना चित्र बघितलं होतं, ना त्याच्याबद्दल कोणाकडून ऐकलं होतं, म्हणून त्यांचंच म्हणणं खरं धरायचं असं हिरालालनं ठरवलं. बुद्धी शाबूत असलेल्या माणसानं अशी दुसऱ्या ठिकाणी खात्री करून घ्यावी. रोवणी आटोपली होती, धान हिरवंगार उभं होतं, काका बांधावर गवत कापत होते.

हिरालालनं सरळ विचारलं नाही. चहा झाला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या, मग म्हणाला, "काका, बाबा दिसाले कसे होते? मले धड आठोत नाई."

नथ्थूकाका खुशीत आले. भावाबद्दल त्यांना बऱ्याच दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. "दादाची शानच अलग होती," ते म्हणाले. "डोक्याले पांढरा फेटा. कानात बाळी. अन् नाक असं सरळ, दोरी लावल्यावानी."

बाबांनी उभ्या जन्मात फेटा बांधला नव्हता. खाणीवर मँगनीज भरणारा माणूस, दुपट्टा गुंडाळला की झाली पगडी. आणि कानात बाळी? त्यानं काकांना पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. काका चिडले नाहीत, उलट दर वेळी नवीन काही आठवून सांगत गेले, की फेटा कोणत्या लग्नात घेतला, बाळी कोणत्या सोनारानं घडवली. शेवटी त्यांनीच विचारलं, "तुले काय दिसते मंग?"

हिरालालनं सांगायला तोंड उघडलं. वाकडं नाक, असं तो म्हणणार होता. पण ते शब्द होते, नुसते शब्द. शब्दामागं बघायला गेला तर तिथं काका आत्ता सांगत होते तोच माणूस बसला होता.

परतीच्या बसमध्ये त्यानं खूप डोकं खाजवलं. माय जन्माची सोबतीण, तिला एक आठवतं. सख्ख्या भावाला तेच आठवतं. चित्रही तेच सांगतं. आणि पंधरा वर्षांचं पोर होतं त्या वेळी, ते एकटं म्हणतं की नाही, नाक वाकडं होतं. तिघं एक सांगत असतील तर चौथ्यानं आपलं डोकं तपासून घ्यावं, हाच शहाणपणा. हजेरीतही तो हेच करायचा. तीन मजूर म्हणाले की अमका कामावर होता, तर खूण करायची, मग आपण त्याला बघितलेला असो वा नसो. भरवेलीला उतरेपर्यंत त्याचं मन पुष्कळ निवलं होतं. आणि निवलं म्हणूनच त्याला कुठंतरी खोल भीती वाटत राहिली, पण कशाची ते त्याला सांगता आलं नसतं.

त्या आठवड्यात त्यानं चित्र पुरं केलं. आता काहीच खरवडावं लागलं नाही, हात आपोआप चालला.

६

पित्तर झोकात झाले. पाटावर चित्र, चित्राला झेंडूचा हार, पुढं खीर, वडे, कढी. काका खैरलांजीहून आले आणि चित्रापुढं लहान पोरासारखे रडले. बाहेर घास ठेवला तर कावळ्यानं वाट बघायला लावली नाही. गोदाबाई चित्रापुढं मांडी घालून बसली आणि नऊ वर्षांचं साठलेलं सगळं बोलली, हिराच्या नोकरीचं, घरावरच्या गळक्या कवेलूंचं, स्वतःच्या गुडघ्यांचं. इतकी हलकी, इतकी राजी झालेली माय हिरालालनं कधी बघितली नव्हती. यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता.

मग तिनं त्याला पाया पडायला बोलावलं. त्यानं हात जोडले, मान वाकवली, आणि मनात बाबा असं म्हणायला गेला. पण जीभ अडली. बसस्टँडवरच्या कोणा भल्या गृहस्थाला चुकून बाबा म्हणावं तसा संकोच वाटला. चित्रातला म्हातारा शांत होता, त्याची काही हरकत दिसली नाही.

७

पित्तर संपल्यावर हिरालाल मास्तरांकडं गेला. दांड्या मारल्या, खोटं बोलून कापड नेलं, चेहऱ्यावर चेहरा चढवला, सगळं त्यानं कबूल केलं. मास्तर रागावले नाहीत. बराच वेळ रंगाची पाटी पुसत राहिले.

"माय खुश हाये ना?" त्यांनी विचारलं.

"हौ. लय खुश हाये."

"मंग आता नक्कल कराची गरज नाई," मास्तर म्हणाले. त्यांनी उठून मूळ चित्रावरची चादर ओढून काढली. सहा महिन्यांत हिरालालनं ते चित्र अख्खं कधी बघितलं नव्हतं.

खोलीत दुपारचं चांगलं ऊन होतं, त्यामुळं नीट दिसलं नाही असं म्हणायला जागा नव्हती. चित्र जुनं होतं, रंगाला बारीक तडे गेले होते, मिशीखाली तो ब्रशचा केसही होता. पण फेटा नव्हता. उघडं डोकं, मागं सरकलेले केस, खांद्यावर दुपट्टा. नाक डावीकडं वाकलेलं. उजव्या डोळ्याची पापणी जराशी उतरलेली, त्यामुळं माणूस अर्धा झोपेत असल्यासारखा, आणि तरी थेट हिरालालकडं बघत असलेला. ओठ असे की आता काहीतरी बोलेल.

हिरालालला वाटलं, याला कुठंतरी बघितलंय. खाणीवर? तिरोडीच्या बाजारात? आठवायचा त्यानं खरोखर प्रयत्न केला, अगदी कपाळाला घाम येईपर्यंत केला. जिलेबीचा वास आल्यासारखा झाला आणि गेला.

"वळखीचा हाये का?" मास्तरांनी विचारलं. विचारताना त्यांनी त्याच्याकडं बघितलं नाही.

"नाई," हिरालाल म्हणाला.

"घेऊन जाशीन घरी? मी बुढा झालो. माह्यामागं याले कोनी पाहनार नाई."

हिरालाल त्या माणसापुढं उभा राहिला. त्याला त्याची फार दया आली. कोणीतरी हौसेनं काढायला सांगितला असेल, आणि न्यायला आलं नाही.

"कोनाचा तरी बाप असन," तो म्हणाला. "पन अनोळखी मानसाले घरात कुठी लावू, मास्तरजी? माय काय म्हनन?"

मास्तरांनी आग्रह केला नाही. चादर त्यांच्या हातून नीट बसेना, म्हणून हिरालालनंच ती घेतली, झटकली आणि चित्रावर वरून खालपर्यंत पांघरली. मग त्यानं हात धुतले आणि सायकल काढली, कारण संध्याकाळच्या आत भरवेली गाठायची होती.